प्रकार ठरण्याआधीचे नाव

स्ट्रिंगमधली सगळी अक्षरे लोअरकेसमध्ये आणणारी सी प्लस प्लसची एक ओळ एका कंपायलरवर वर्षानुवर्षे बिनबोभाट चालत होती, ती दुसऱ्या कंपायलरवर नेताच अडून बसली. ओळ अगदी साधी होती. ट्रान्सफॉर्म या अल्गोरिदमला स्ट्रिंगची सुरुवात, तिचा शेवट आणि निकाल ठेवायची जागा दिलेली होती, आणि चौथ्या जागी एसटीडी नेमस्पेससह (स्टँडर्ड लायब्ररीतली नावे ज्या आडनावाखाली राहतात ते) टुलोअर हे, म्हणजे एक अक्षर लोअरकेस करणाऱ्या फंक्शनचे, नुसते नाव. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचे म्हणणे असे की हा चौथा आर्ग्युमेंट ‘अनरिझॉल्व्ह्ड ओव्हरलोडेड फंक्शन टाइप’ आहे; थोडक्यात, नाव ओव्हरलोडेड आहे, म्हणजे एकाच नावाची अनेक फंक्शन्स आहेत, आणि त्यांतले नेमके कोण अपेक्षित आहे हे त्याला ठरवता येत नव्हते. शेजारच्या तरुण सहकाऱ्याने नावापुढचे एसटीडी पुसून नुसता डबल कोलन ठेवला आणि ओळ लगेच कंपाइल झाली. तो पुढच्या कामाला लागला, पण जाता जाता त्याने विचारलेला प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. “टुलोअर पाहिजे हे त्याला दिसतंय, स्ट्रिंगमध्ये कॅरेक्टर आहेत हेही दिसतंय, मग अडलंय कुठे?”

या विशिष्ट अडचणीचे उत्तर तसे सोपे आहे. स्टँडर्ड लायब्ररीत टुलोअर नावाची दोन मंडळी राहतात. एक सी भाषेतून आलेले जुने फंक्शन, जे एक इंट (पूर्णांक) घेते आणि इंट परत देते. दुसरे लोकेल हेडरमधले, ते फंक्शन नसून फंक्शन टेम्प्लेट आहे, म्हणजे इंट, डबल असा डेटाचा प्रकार कळल्यावर फंक्शन घडवणारा साचा, आणि त्याला कॅरेक्टरबरोबर एक लोकेलही (भाषा-प्रदेशाचे संकेत) लागतो. कोणते हेडर आतून कोणत्या हेडरला ओढून आणते, हा ज्या त्या लायब्ररीचा घरगुती मामला असल्यामुळे तीच ओळ एकीकडे चालते आणि दुसरीकडे अडते. एकदा दोघेही समोर आले की सी प्लस प्लसचा नियम लागू होतो: आर्ग्युमेंट म्हणून दिलेल्या ओव्हरलोडच्या संचात एक जरी फंक्शन टेम्प्लेट असले, तरी त्या आर्ग्युमेंटवरून प्रकार ओळखण्याचा प्रयत्नच सोडून द्यायचा. टेम्प्लेटला दोन गोष्टी लागतात, ट्रान्सफॉर्म एकच देणार आहे, म्हणजे तो उमेदवार आपोआप बाद होतो, हे वाचणाऱ्याला एका नजरेत दिसते. पण कंपायलर तिथवर जातच नाही. एसटीडी काढल्यावर नाव ग्लोबल स्कोपमध्ये शोधले जाते, तिथे सीमधले एकटेच फंक्शन असते, म्हणून काम भागते. (त्या फंक्शनला ऋण किंमतीचा कॅर देणे हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे पुढे काय होईल याची भाषा हमी देत नाही, ही गोष्ट मात्र कंपाइल झाल्याच्या आनंदात बहुतेकांच्या नजरेतून सुटते.)

पण प्रश्न टुलोअरपुरता नव्हताच.

फंक्शन टेम्प्लेट म्हणजे फंक्शन नव्हे, हे आपण शिकतो आणि रोज वापरताना विसरतोही. त्याला पत्ता नसतो, प्रकार नसतो, आणि त्याच्या नावे यंत्रभाषेतला एकही बाइट अस्तित्वात नसतो. इंटसाठी मागणी आली की इंटचे फंक्शन तयार होते, डबलसाठी आली की डबलचे. ही मागणी साधारणपणे कॉलच्या जागी होते, कारण तिथे आर्ग्युमेंटचे प्रकार हाताशी असतात. आता हेच नाव कॉल न करता दुसऱ्या एखाद्या टेम्प्लेटच्या स्वाधीन केले की पेच उभा राहतो. घेणाऱ्याला चौथ्या आर्ग्युमेंटचा प्रकार आधी कळायला हवा, म्हणजे तो स्वतः आकाराला येईल. आणि देणाऱ्याचा प्रकार ठरायचा तर घेणारा ते नाव आत कशावर चालवणार आहे, हे आधी कळायला हवे. दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत थांबतात. गंमत अशी की घेणारा ठाम असेल तर हा पेच उद्भवतच नाही. पॅरामीटर ‘इंट घेऊन इंट देणाऱ्या फंक्शनचा पॉइंटर’ असा आधीच ठरलेला असला, तर टेम्प्लेटचे नुसते नाव दिलेले चालते. कंपायलर समोरच्या प्रकाराकडे पाहून योग्य ते फंक्शन तयार करून देतो. ही सोय १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डपासून आहे. एका बाजूची खात्री दुसऱ्या बाजूची अनिश्चितता झाकू शकते. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तेव्हाच नकार मिळतो, आणि जेनेरिक प्रोग्रॅमिंगमध्ये नेमके तेच हवे असते.

मला याहून जास्त खटकत आली आहे ती क्लास टेम्प्लेटला मिळणारी वेगळी वागणूक. व्हेक्टर (एकाच प्रकारच्या गोष्टींची यादी ठेवणारे क्लास टेम्प्लेट) हे नाव, त्यात काय ठेवायचे हे न सांगता, दुसऱ्या टेम्प्लेटला कंपाइल टाइमला जसेच्या तसे देता येते. टेम्प्लेट टेम्प्लेट पॅरामीटर हा त्याचा काहीसा अडखळणारा शब्दप्रयोग, पण त्यामागची कल्पना मला फार सुंदर वाटते. ‘पेटी कोणती ते सांगतो, आत काय ते तू ठरव’ असे म्हणण्याची मुभा भाषेने दिलेली आहे. मग हीच मुभा फंक्शन टेम्प्लेटला का नाही? सी प्लस प्लस ११ ने एलियस टेम्प्लेट (प्रकारांना टोपणनाव देणारा साचा) या रांगेत आणले. सी प्लस प्लस २६ मध्ये व्हेरिएबल टेम्प्लेट आणि कॉन्सेप्ट (प्रकारांवर घालायच्या अटी) यांनाही प्रवेश मिळाला. दारात उभे राहिले ते फक्त फंक्शन टेम्प्लेट, आणि सर्वात जास्त गरज त्याचीच होती.

कारण शोधायला गेले की राग थोडा निवळतो. व्हेक्टर हे नाव एकाच टेम्प्लेटचे असते; त्याची स्पेशलायझेशन कितीही असोत, मूळ व्याख्या एकच. फंक्शनच्या नावाचे तसे नाही. त्या नावाखाली साधी फंक्शन्स असतात, एकाहून अधिक टेम्प्लेट असतात, पुढच्या हेडरमध्ये आणखी भर पडू शकते, आणि कॉलच्या क्षणी आर्ग्युमेंटच्या नेमस्पेसमधून अनोळखी पाहुणेही येऊन बसतात. थोडक्यात, ते नाव एका माणसाचे नसून जमावाचे आहे. जमाव दुसऱ्याच्या हवाली करायचा म्हणजे नक्की काय करायचे, या प्रश्नाला भाषेकडे आजही ठरलेले उत्तर नाही.

उत्तर नसल्यामुळे लोकांनी वळसे शोधले, आणि त्या वळशांचा इतिहास जवळजवळ एसटीएल या सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररीइतकाच जुना आहे. १९९४ मध्ये एसटीएल स्टँडर्डच्या मसुद्यात आली तेव्हा ती आपली फंक्शन ऑब्जेक्ट, म्हणजे फंक्शनसारखी कॉल करता येणारी ऑब्जेक्ट, बरोबर घेऊनच आली. प्लस, लेस, ग्रेटर ही सगळी क्लास टेम्प्लेट होती आणि त्यांना प्रकार आधी सांगावा लागे: ग्रेटर, पण इंटसाठीचा. इथेच एक बारीक काटा दडलेला आहे. समजा इंटचा व्हेक्टर उतरत्या क्रमाने लावायला कोणी इंटचा ग्रेटर दिला, आणि पुढे कधीतरी व्हेक्टर डबलचा झाला. सॉर्टची ओळ जशीच्या तशी कंपाइल होते. पण तुलनेच्या वेळी २.७ आणि २.३ हे दोन्ही इंटमध्ये रूपांतरित होऊन २ होतात, ग्रेटर म्हणतो यात मोठे कोणीच नाही, आणि निकालात त्या दोघांचा आपसातला क्रम नशिबावर सोडलेला असतो. कोणताही प्रोग्रॅम कोसळत नाही, नीट मागून घेतली नसेल तर सूचनाही येत नाही. प्रकार एकदा व्हेक्टरमध्ये आणि एकदा ग्रेटरमध्ये असा दोनदा सांगावा लागला, आणि बदल एकाच जागी झाला. सी प्लस प्लस १४ ने यावर जो तोडगा काढला तो मला त्या स्टँडर्डमधल्या सर्वात शहाण्या लहान गोष्टींपैकी एक वाटतो. ग्रेटरला रिकामे कोनदार कंस द्यायचे. क्लासवर टेम्प्लेट उरत नाही, ते आत कॉल ऑपरेटरवर सरकते. ऑब्जेक्टला ठाम प्रकार मिळतो, तो बिनधास्त कोणालाही देता येतो, आणि कशाची कशाशी तुलना करायची हा निर्णय प्रत्यक्ष तुलनेच्या क्षणापर्यंत थांबतो.

जेनेरिक लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेले बिननावाचे फंक्शन, हीच युक्ती सर्वांच्या हाती देते. पॅरामीटरच्या जागी ऑटो लिहिले की कंपायलर पडद्यामागे एक निनावी क्लास उभा करतो आणि त्याच्या कॉल ऑपरेटरला टेम्प्लेट बनवतो. न ठरलेली गोष्ट ठरलेल्या प्रकाराच्या पाकिटात घालून पाठवायची, असा हा व्यवहार. २०१७ मध्ये व्हेरियंट आणि व्हिजिट आल्यावर तर त्याशिवाय पान हलेना, कारण इंट, डबल किंवा स्ट्रिंग यांपैकी काहीही असू शकणाऱ्या व्हेरियंटला भेट द्यायची तर तिन्हींना सामोरी जाणारी एकच वस्तू हवी, आणि फंक्शन टेम्प्लेटचे नाव व्हिजिटला थेट देता येत नाही. सी प्लस प्लस २० पासून काहीही कॅप्चर न करणारा लॅम्डा टेम्प्लेटच्या आर्ग्युमेंटच्या जागीही लिहिता येतो, म्हणजे कंपाइल टाइमला देण्याची मूळ इच्छाही या मार्गाने पुरी होते.

तरीही माझे समाधान होत नाही, आणि ते का होत नाही हे पाहायचे तर हे पाकीट एकदा नीट, काटेकोरपणे तयार करून बघावे. आर्ग्युमेंट कितीही असू शकतात, म्हणून पॅरामीटर पॅक घ्यायचा. ते तात्पुरते आहेत की टिकणारे, हा भेद हरवू नये म्हणून प्रत्येकाला फॉरवर्डमधून पुढे सरकवायचे. मूळ फंक्शन रेफरन्स परत करत असेल तर तोही तसाच जावा, आणि कॉल शक्य नसेल तिथे एररऐवजी नुसता बाद होण्याचा मार्ग खुला राहावा, म्हणून परतीचा प्रकार डेकलटाइपमध्ये (दिलेल्या ओळीचा प्रकार काढणारी सोय) तीच कॉलची ओळ लिहून सांगायचा. मूळ फंक्शन एक्सेप्शन फेकत नसेल तर ते वचनही टिकावे, म्हणून नोएक्सेप्टमध्ये पुन्हा तीच ओळ. आणि शेवटी प्रत्यक्ष अंगात रिटर्नच्या पुढे पुन्हा तीच. एक नाव पुढे द्यायचे होते, त्यासाठी एकच कॉल तीन ठिकाणी अक्षरशः तसाच लिहावा लागतो. म्हणून अनेक कोडबेसमध्ये यासाठी ‘लिफ्ट’ धाटणीचा एखादा मॅक्रो आढळतो. बूस्ट या सी प्लस प्लस लायब्ररींच्या संग्रहातल्या एचओएफ लायब्ररीतही असा मॅक्रो आहे. एवढे करूनही पाकिटातून काही गोष्टी गळतातच. थेट कॉलमध्ये शून्य हा आकडा नल पॉइंटर म्हणून चालतो, पाकिटातून गेल्यावर तो केवळ इंट उरतो. महिरपी कंसातली यादी तर आत शिरतच नाही, कारण तिला स्वतःचा प्रकार नसतो. मूळ नाव आणि त्याचे हे रूप यांत फरक राहतो, आणि तो वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचा असतो.

डी भाषेतली एक ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हाचा सुखद धक्का अजून आठवतो. एक, दोन, तीन अशा आकड्यांचा अॅरे, टिंब, मॅप (प्रत्येक घटकावर दिलेली क्रिया चालवणारे), उद्गारचिन्ह, आणि कंसात टू (प्रकार बदलून देणारे टेम्प्लेट), उद्गारचिन्ह, स्ट्रिंग. एवढेच. निकाल म्हणजे त्याच आकड्यांच्या स्ट्रिंग, त्याही मागितल्या तेव्हाच एकेक तयार होणाऱ्या. या ओळीत मॅपला जे दिले आहे ते फंक्शन नाही. टूला ‘स्ट्रिंग करायची आहे’ एवढेच सांगितले आहे. कशापासून करायची, ही बाजू अजून उघडी आहे, आणि त्या अर्ध्या भरलेल्या अवस्थेतच ते मॅपच्या हाती सोपवले आहे. पाकीट नाही, मॅक्रो नाही. मॅपचा पॅरामीटर नावांची यादी घेणारा आहे, आणि डीमधल्या एलियस पॅरामीटरसारखाच तो प्रकार विचारत नाही, नावच घेतो. आत ज्या जागी त्या नावाला कॉल होतो तिथे आर्ग्युमेंट दिसतात, आणि तेव्हा टेम्प्लेट भरले जाते. आर्ग्युमेंटच्या जागी लिहिलेला, प्रकार न सांगितलेला छोटा लॅम्डाही डीमध्ये अशीच वागणूक मिळालेले टेम्प्लेट असतो. एसटीडी मेटा या मोड्यूलमध्ये तर हीच कल्पना प्रकारांच्या यादीवर चालते: स्टॅटिकमॅपला एक टेम्प्लेट आणि काही प्रकार द्यायचे, की प्रत्येकावर ते टेम्प्लेट लागून नवी यादी मिळते. टेम्प्लेट हीसुद्धा देण्याघेण्याची गोष्ट आहे, असे ही भाषा सहजपणे मानते, आणि त्या सहजतेचे मला आजही अप्रूप आहे.

पण त्या उघड्या दारातून काहीही आत येऊ शकते. एलियस पॅरामीटरला फंक्शन, टेम्प्लेट, व्हेरिएबल, अगदी मोड्यूलसुद्धा चालते. चुकीचे काही दिले तर एरर येतो तो घेणाऱ्याच्या पोटात खोलवर, जिथे कॉल घडतो तिथे. यावर टेम्प्लेटला अट लावता येते, ‘हे नाव या घटकावर चालवून पाहा, कंपाइल झाले तरच मला स्वीकार’, अशी. पण ती अट ठरावीक प्रकारासाठीच तपासली जाते. सी प्लस प्लस २० च्या कॉन्सेप्टची मर्यादाही हीच. इन्व्होकेबल या कॉन्सेप्टला आर्ग्युमेंटचे प्रकार नाव घेऊन सांगावे लागतात. इंटवर चालते का, स्ट्रिंगवर चालते का, असे विचारता येते. ‘कोणत्याही प्रकारावर चालते का’ असे विचारण्याची सोय दोन्हीकडे नाही. न भरलेले टेम्प्लेट देता आले तरी त्याचे वर्णन करता येत नाही, आणि हे उणेपण किरकोळ नाही.

हे वर्णन करणाऱ्या भाषा आहेत, आणि त्या वाटेला लागले की सहकाऱ्याच्या साध्या प्रश्नाची खोली लक्षात येते. तर्कशास्त्रज्ञ जिरार यांनी १९७२ मध्ये आणि संगणकशास्त्रज्ञ रेनॉल्ड्स यांनी १९७४ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सिस्टिम एफ ही प्रकारांची गणिती मांडणी केली. त्यात ‘सर्व प्रकारांसाठी’ हे शब्द प्रकाराच्या आत कुठेही, पॅरामीटरच्या जागीसुद्धा, लिहिता येतात. १९७८ मध्ये मिल्नर यांनी प्रकार आपोआप ओळखण्याची जी पद्धत मांडली, तिने ही मुभा जाणूनबुजून आवळली: फंक्शनला दिलेला पॅरामीटर त्याच्या आत एकाच प्रकाराचा राहील. त्या बदल्यात प्रोग्रॅमरला प्रकार लिहावेच लागत नाहीत. म्हणून हॅस्केल या भाषेत एक आकडा आणि एक स्ट्रिंग अशा जोडीच्या दोन्ही घटकांना एकच दिलेले फंक्शन लावायला गेले, तर कंपायलर नकार देतो. रँक एन टाइप्स हे एक्स्टेंशन चालू करून ‘हे फंक्शन प्रत्येक प्रकारासाठी आहे’ असे आपल्या हाताने लिहून दिले, की तोच कंपायलर आनंदाने मान्य करतो. लिहून का द्यायचे, त्याने ओळखावे की, असे वाटते. पण १९९४ मध्ये वेल्स यांनी सिद्ध केले की सिस्टिम एफमध्ये काहीही लिहून न देता प्रकार ओळखणे सर्वसाधारणपणे शक्यच नाही, त्यासाठी कोणताही अल्गोरिदम असू शकत नाही. टेम्प्लेटचे जग या पेचातून बाजूने निसटते, कारण तिथे भरण्याआधी काही सिद्ध करण्याचा आग्रहच नाही. भरून पाहायचे आणि जमले तर पुढे जायचे. डी ज्या सहजतेने नाव स्वीकारते त्या सहजतेची किंमत इथे मोजलेली असते, आणि ती कळल्यावरही मला ती जास्त वाटत नाही. रस्ट ही भाषा मात्र दुसऱ्या टोकाला उभी आहे. तिथे ‘सर्वांसाठी’ हे लाइफटाइमबद्दल (रेफरन्स किती काळ वैध आहे त्याबद्दल) म्हणता येते, प्रकारांबद्दल नाही. जेनेरिक फंक्शन पुढे द्यायचे तर त्याचा प्रकार ठरलेला हवा, नाहीतर एक ट्रेट (मेथड कोणत्या असाव्यात हे सांगणारा करार) तयार करून त्यात जेनेरिक मेथड ठेवायची.

सी प्लस प्लसच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो मला बराच काळ पटलेला होता. सी प्लस प्लस २० ने स्पष्ट केले की स्टँडर्ड लायब्ररीतले जे फंक्शन ‘अॅड्रेसेबल’ म्हणून जाहीर केलेले नाही, त्याचा पत्ता घेतला तर परिणामाची हमी नाही. कारण रास्त आहे. उद्या लायब्ररीला त्याच नावाचा आणखी एक ओव्हरलोड घालायचा असेल, साध्या फंक्शनचे टेम्प्लेट करायचे असेल, तर ती मोकळीक राहावी. लॅम्डा फक्त कॉल करतो, पत्ता धरून ठेवत नाही, म्हणून तो अशा बदलांतून तगतो. तेव्हा पाकीट हेच सभ्य वर्तन, असे म्हणता येते. पण बारकाईने पाहिले तर हा युक्तिवाद पॉइंटरविरुद्ध आहे, नावाविरुद्ध नाही. डीचा एलियसही कोणाचा पत्ता मागत नाही. तो नाव घेऊन जातो आणि कॉल होईपर्यंत ते नावच ठेवतो. लायब्ररीने नवा ओव्हरलोड घातला तर तोही त्या नावाबरोबर जातो. लायब्ररीची मोकळीक आणि वापरणाऱ्याची सोय या दोन गोष्टींत इथे भांडण नाही, हे लक्षात आल्यापासून मी मनाने पूर्णपणे नाव थेट देण्याच्या बाजूची झाले आहे.

सी प्लस प्लसमध्ये ओव्हरलोडच्या संचाला आर्ग्युमेंटचा दर्जा द्यावा, असे प्रस्ताव २०१३ पासून वेगवेगळ्या रूपांत येत राहिले आहेत, आणि ते रेंगाळण्यात निव्वळ अनास्था नाही. जमाव हवाली करायचा, पण कोणत्या क्षणीचा जमाव? नाव दिले त्या ओळीपर्यंत जे ओव्हरलोड दिसत होते तेवढेच गोठवावेत, की कॉलच्या जागी आर्ग्युमेंटच्या नेमस्पेसमधून येणारेही धरावेत? वाचणारी म्हणून मला पहिला पर्याय हवा असतो. मी नाव लिहिले तेव्हा जे माझ्या नजरेसमोर होते तेच पुढे जावे, न वाचलेल्या हेडरमधले काही नंतर येऊन त्यात मिसळू नये. पण स्वॅपचे, म्हणजे दोन किमतींची अदलाबदल करणाऱ्या फंक्शनचे, उदाहरण घेतले की मी अडखळते. एखाद्याने आपल्या प्रकारासाठी, आपल्याच नेमस्पेसमध्ये, स्वतःचा स्वॅप लिहिला असेल, तर जेनेरिक कोडला तो कॉलच्या जागीच सापडतो आणि तसाच सापडायला हवा. आधी गोठवलेल्या संचात तो नसेल, आणि सावकाश चालणारा सर्वसाधारण स्वॅप कोणाला न कळता त्याची जागा घेईल. लॅम्डाच्या पाकिटाने हा निर्णय कोणाला न विचारता दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने करून टाकलेला आहे, कारण त्याच्या अंगातला कॉल हा नेहमीचाच कॉल असतो. थेट नाव देण्याची सोय भाषेत आली तर तिनेही तसेच वागावे, असे माझे मन आता झुकते आहे. निदान पाकीट काढून टाकल्याने एखाद्या चालत्या प्रोग्रॅमचा अर्थ बदलणार नाही.